तीन आणि एक

कपाटवाल्याने चाळीस वर्षं कपाटं केली आणि त्यातलं एकही परत आलं नाही, असं तो छाती काढून सांगायचा. परत कसं येणार, कपाटाला काय पाय असतात, असं त्याची बायको लगेच पुढे जोडायची. पण माणूस हाताचा पक्का, हे तिलाही मान्य होतं. त्याच्या कपाटांचं खरं नाव झालं होतं ते खिट्टीमुळे. दार नुसतं ढकललं की लोखंडाची एक चपटी पट्टी आपल्याच वजनाने बाहेरच्या खाचेत पडायची आणि टक असा आवाज यायचा. "माझं दार लावावं लागत नाही, आपसूक लागतं," असं तो गिऱ्हाइकाला सांगायचा. गिऱ्हाईक चार वेळा दार ढकलून बघायचं आणि खूश होऊन घरी जायचं.

त्या चाळीस वर्षांत लाकडाच्या भुशाने त्याचं पोट भरलं आणि बायकोची छाती. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा. भुशाला पडदा कुठला अडवायला! सहा वर्षं ती दम्याने बेजार होती. शेवटी डॉक्टरीणबाईंनी औषध लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि सरळ सांगितलं, "हवा बदला. महिना-पंधरा दिवस नाही, कायमची. या भुशात राहिलात तर पुढच्या हिवाळ्याची मी खात्री देत नाही."

आपल्याच रंध्याने आपण बायकोचा श्वास तासत आणला, हे घरी येताना कपाटवाल्याच्या मनातून जाईना. बोलली ती बायकोच.

"कुठली हवा मानवेल, कुणाला माहीत? एका गावी घर घ्यायचं आणि तिथेही श्वास लागला तर पुन्हा बोचकी बांधायची? त्यापेक्षा घरच चाकांवर घेऊ. जिथे मला बरं वाटेल तिथे थांबू."

"चाकांवर म्हणजे?"

"म्हणजे ट्रक. कपाटं करता ना? मग एक मोठं कपाट करा आणि त्यात मला ठेवा."

ती हसत म्हणाली होती. कपाटवाल्याने मात्र ते मनावर घेतलं. महिन्याभरात दुकान विकलं, सामान वाटून टाकलं आणि दोघं तिच्या धाकट्या भावाच्या गॅरेजवरच्या खोलीत राहायला गेली. हा भाऊ गाड्यांचा मेकॅनिक. त्याच्या खिशात कायम एक पाना असायचा, झोपतानासुद्धा, म्हणून सगळे त्याला पानाच म्हणायचे. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं.

जुन्या ट्रकांच्या अड्ड्यावर तिघं गेली तेव्हा पानाने दोघांना आधीच बजावलं, "भाऊजी, तुम्ही लाकडात शहाणे. इथे गप्प राहायचं. आणि ताई, तू 'किती छान' म्हणायचं नाही, दलाल लगेच भाव वाढवतो."

पानाची ट्रक तपासायची स्वतःची रीत होती. इंजिन नंतर, आधी हौदा. माल भरायच्या त्या मोठ्या पेटाऱ्यात एकाला आत पाठवायचं आणि बाहेरून दार लावून घ्यायचं. आतल्या माणसाने अंधारात उभं राहून उजेडाचे ठिपके मोजायचे. जितके ठिपके तितकी भोकं, आणि जितकी भोकं तितकं पावसाचं पाणी अंथरुणात. पहिल्या ट्रकच्या आत कपाटवाल्याने तेहतीस मोजले आणि मोजणं सोडून दिलं. दुसऱ्यात ठिपके सातच होते, पण खालचा सांगाडा इतका गंजलेला होता की पान्याने टोचताच पापुद्रे गळून पडले.

तिसरा ट्रक कोपऱ्यात एकटाच उभा होता. पांढरा, बेताच्या लांबीचा, जाड भिंतींचा. पूर्वी थंडगार ठेवलेली फुलं वाहायचा, असं दलालाने सांगितलं. मागे दोन मोठी दारं आणि बाजूला माणसापुरतं एक छोटं दार. कपाटवाला त्या छोट्या दाराने आत गेला. पानाने दार लावलं.

एकही ठिपका नव्हता. अंधार असा की डोळे उघडे आहेत की मिटलेले, हेही कळेना. शिळ्या फुलांचा अगदी पुसट वास होता. कपाटवाला दोन पावलं पुढे सरकला आणि तेवढ्यात त्याला वाटलं की आपल्याला जागा द्यावी म्हणून कुणीतरी अंग चोरून बाजूला झालं. कपडा कपड्याला घासावा तेवढाच आवाज. तो मागे वळून दार चाचपू लागला. हाताला हँडल लागेना. हँडल असायचं तिथे पत्र्याचा चौकोनी तुकडा होता, चार रिव्हेट मारून बसवलेला. शेवटी त्याने दार ठोकलं तेव्हा पानाने उघडलं.

"आतून उघडत नाही वाटतं हे?" कपाटवाल्याने विचारलं.

"माल काय आतून दार उघडतो का?" दलाल म्हणाला.

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने कपाटवाला हसला, कारण हे त्याचं स्वतःचंच वाक्य होतं. कपाटाला आतून कडी का नाही, असं एका शहाण्या गिऱ्हाइकाने विचारलं होतं तेव्हा त्याने अगदी हेच उत्तर दिलं होतं. हौद्यात कुणीतरी होतं असं वाटलं, हे मात्र तो कुणाला बोलला नाही. साठी उलटलेल्या माणसाने असलं काही सांगितलं तर लोक डोळ्यांचा नाही, डोक्याचा डॉक्टर शोधतात.

ट्रक गॅरेजशेजारच्या मोकळ्या जागेत आला आणि कपाटवाल्याला पुन्हा पंचविशी आली. सकाळी उठायचा तो मापं पुटपुटतच. मागची दोन दारं त्याने कायमची बंद केली आणि त्यांना टेकून ओटा बांधला. ओट्याखाली भांड्यांचे कप्पे, डाव्या भिंतीला उचलून लावायचं टेबल, पुढच्या टोकाला पलंग, पलंगाखाली सहा खण. सगळ्या भिंतींना त्याने आतून प्लाय लावला, छोट्या दारालासुद्धा, आणि तो पत्र्याचा तुकडा त्याखाली गेला. या दाराचं जुनं कुलूप काढून त्याने तिथे आपली खिट्टी बसवली. अर्थात बाहेरून. चाळीस वर्षं हात जिथे गेला तिथेच तो आताही गेला. ढकललं की टक.

"अहो, आणि आतून?" बायकोने विचारलं.

"लावू गं. आधी बाकीचं होऊ दे."

खिडक्यांचंही तसंच. दोन खिडक्या आणि छताला हवेचं एक झाकण ठरलं होतं, पण प्लायवर नुसत्या पेन्सिलच्या रेघा होत्या. काच हातात आल्याशिवाय भोक पाडायचं नाही, हा त्याचा नियम. आणि काचवाला आज देतो, उद्या देतो करत झुलवत होता.

ठोकण्याचा आवाज पहिल्यांदा आला तो प्लाय लागल्याच्या तिसऱ्या दिवशी. दुपारी चारचा सुमार. दोघं बाहेर बाकावर चहा पीत होती. छोटं दार लागलेलं होतं. आतून कुणीतरी तीनदा ठोकलं. मग जरा थांबून एकदा. तीन आणि एक.

बायकोच्या हातातला कप तसाच राहिला. "आत कोण आहे?"

"कोण असणार? पत्रा आहे तो. दुपारी तापतो, ऊन उतरलं की आखडतो. कपाटं नाही का रात्री कुरकुरत?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पत्रा आखडतो आणि वाजतो. पण तो असा मोजून तीन आणि एक वाजत नाही, हे त्यालाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच तो जरा तावाने बोलला.

बायको उठली आणि तिने दार उघडलं. आत कुणीच नव्हतं. ताज्या लाकडाचा वास आणि त्याखाली कुठेतरी फुलांचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या दिवशी ती कुठूनशी एक वीट घेऊन आली आणि दाराच्या फटीत ठेवून दिली. दार उघडं राहिलं त्या दिवशी आवाज आला नाही. मग रोजच वीट.

"लोक राखणीला कुत्रं ठेवतात, तू वीट ठेव," कपाटवाला चिडवायचा.

"हसा. उघडं असलं की त्याला बरं वाटतं."

"कुणाला?"

"मला काय माहीत? पण कोंडल्यावर कसं वाटतं ते दम्याच्या माणसाला विचारा," ती म्हणाली.

कधी ती वीट ठेवायला विसरायची. मग आवाज यायचा आणि कपाटवाला मान खाली घालून रंधा मारत राहायचा. माणसाला कशाचीही सवय होते. पंधरा दिवसांत तो आवाज त्याच्या कानांना गॅरेजमधल्या घणासारखा झाला. ऐकू यायचा, पण तो ऐकायचा नाही.

त्या दिवशी सकाळी त्याने पलंगाच्या पाठीला गादीचं कापड चिकटवलं. त्यासाठी लागतं ते पिवळं सोल्युशन, डोकं गरगरवणाऱ्या वासाचं. लगेच ओट्याला पॉलिशचा शेवटचा हातही मारून घेतला. बाहेर वारा सुटला होता, धूळ उडत होती. ओल्या पॉलिशवर धुळीचा एक कण बसला तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. त्याने खाली उतरून वीट बाजूला सारली, दार ढकललं, टक असा आवाज ऐकला आणि तो समाधानाने शेडमध्ये पायऱ्या करायला गेला.

काचा सोडल्या तर त्याच्या हिशेबी दारापुढच्या तीन पायऱ्यांचं काम एवढंच आता राहिलं होतं. लाकूड कमी पडलं होतं, त्यामुळे तिसऱ्या पायरीपासून जमीन जरा लांब राहत होती. "शेवटची पायरी उंच झाली, मी पडणार," असं बायको आदल्या दिवसापासून म्हणत होती. तो पायऱ्यांना रंधा मारत होता, तेवढ्यात ठोकण्याचा आवाज आला. तीन आणि एक.

पत्रा, तो मनाशी म्हणाला.

पुन्हा तीन आणि एक. जरा जोरात. त्याने रंधा पुढे नेला, लाकडाची एक लांब, पातळ ढलपी गुंडाळत बाहेर आली. पुन्हा तीन आणि एक. आज पत्र्याच्या अंगात आलंय, असं म्हणून त्याने पायरी उलटी केली आणि दुसरी बाजू तासायला घेतली.

मग त्याचं लक्ष आपल्या सावलीकडे गेलं. सावली अजून लांब होती. सकाळचे दहाच वाजले होते. सकाळी ऊन चढत असतं, पत्रा तापत असतो. पत्रा आखडतो तो दुपारनंतर.

आणि बायको रोज आणायची तो दहाचा चहा अजून आला नव्हता.

रंधा टाकून तो धावला. चाळीस पावलांचं अंतर, पण संपता संपेना. खिट्टी पहिल्यांदा बोटांतून निसटली, दुसऱ्यांदा उघडली. आतून वासाचा भपकारा आला. बायको पार पलीकडे, पलंगापाशी जमिनीवर कलंडली होती. हातात पडद्याचं कापड, ओठ निळसर. खिडक्यांच्या रेघांवरून पडद्याचं माप घ्यायला ती दार उघडून, वीट न ठेवताच, आत गेली होती आणि वाऱ्याने तिच्यामागे दार ढकललं होतं. आपसूक लागणारं दार, आपसूक लागलं होतं.

त्याने तिला उचलून बाहेर आणलं आणि ओरडून पानाला हाक मारली. पानाने जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून तिचा श्वासाचा पंप आणला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ओढल्यावर तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज आला आणि ती खोकली. तो खोकला ऐकून कपाटवाला भर उन्हात, मातीत फतकल मारून रडला. त्याला पानाचीही लाज वाटली नाही.

डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. अजून दहा मिनिटं गेली असती तर, एवढं बोलून त्या थांबल्या आणि खिट्टीकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी बायको उशीला टेकून बसली तेव्हा तो तिचा हात धरून म्हणाला, "मी गाढव. तू ठोकत होतीस आणि मी रंधा मारत बसलो. तीनदा ठोकलंस तेव्हा कुठे उठलो."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "मी कुठे ठोकलं? त्या वासाने माझे पायच गेले. दारापर्यंत मी पोचलेच नाही."

"मग?"

"मला वाटलं तुम्हीच ठोकताय. मला आवाज येत होता, दारापाशी. पण तो आतूनच येत होता. कुणीतरी दारापाशी खाली बसून ठोकत होतं. तुम्ही दार उघडलंत तेव्हा मी तुमच्या पायांशी बघितलं. कुणीच नव्हतं."

त्या रात्री दोघांपैकी कुणीही झोपलं नाही, आणि सकाळी कपाटवाला म्हणाला, "विकून टाकू. मिळेल त्या भावाला."

"विकून? म्हणजे पुढचा कुणी त्यात बायकोला कोंडणार?" ती म्हणाली. तिचा आवाज अजून बसलेला होता, पण स्वभाव ठणठणीत होता. "काही विकायचं नाही. आधी आतून हँडल लावा."

त्याने दारावरचा स्वतःचा प्लाय काढला. ड्रिलने चार रिव्हेट उडवले. पत्र्याचा तुकडा खाली पडला आणि मागे एक गोल भोक दिसलं, जुन्या हँडलचं. तुकड्यामुळे झाकलेला रंग अजून नवा होता. त्याच्या खाली मात्र, गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या उंचीवर, दाराच्या मूळ पत्र्यावर ओरखडे होते. चार-चार रेघांचे, एकावर एक. हौदा तपासताना अंधारात त्याचा हात वर हँडल शोधत होता, म्हणून ते लागले नव्हते. आणि प्लाय लावताना त्याला वाटलं होतं की मालाच्या खोक्यांनी घासलं असेल.

पाना तडक अड्ड्यावर गेला. दलालाने आधी कानांवर हात ठेवले. पानाने खिशातला पाना काढून टेबलावर ठेवला, नुसता ठेवला, तेव्हा तो बोलायला लागला.

आतलं हँडल तुटलं होतं. भोकातून थंडी बाहेर जायची, फुलं खराब व्हायची, म्हणून आधीच्या मालकाने नवं हँडल न लावता तिथे तुकडा मारून दिला. आत टोपल्या रचायला एक बाई असायची. एका दुपारी चार वाजता ती आत असतानाच ड्रायव्हरने दार लावलं आणि गाडी काढली. इंजिनच्या आवाजात त्याला ठोकलेलं ऐकू आलं, पण त्याला वाटलं टोपल्या आपटतायत. दार उघडलं ते दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या गावात.

"मी खोटं काही बोललो नाही," दलाल म्हणाला. "तुम्ही विचारलंच नाहीत."

हे सगळं पानाने येऊन सांगितलं तेव्हा कपाटवाल्याने त्या ड्रायव्हरला शिवी द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. टोपल्या म्हणा की पत्रा म्हणा, दोघांनी एकच केलं होतं. फरक एवढाच की याला वेळेवर सावली दिसली.

पानाने बाजारातून चकचकीत हँडल आणलं होतं. कपाटवाल्याने ते परत पाठवलं आणि स्वतः घडवायला बसला. वर खिट्टीपर्यंत जाणारी लोखंडी सळई आणि खाली लांब दांडा, ओरखड्यांच्या उंचीवर. उभ्या माणसाला वाकावं लागलं असतं, पण जमिनीवर बसलेल्या माणसाच्या तो बरोबर हाताशी येत होता. दांडा त्याने इतका घासला, इतका तेल घालून सैल केला की लहान मुलाच्या बोटानेही खिट्टी उचलली जावी. ओरखड्यांवर प्लाय पुन्हा लावला नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने एखादं काम न झाकता सोडलं. पायऱ्याही त्याच दिवशी बसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं बाकावर बसली. चहा होता. बायकोचा पंप तिच्या मांडीवर होता.

"लावा दार," ती म्हणाली.

"वीट?"

"आज नको."

त्याने आत डोकावून बघितलं. पलंग, ओटा, टेबल, सगळं रिकामं. त्याने दार ढकललं. टक. तो येऊन तिच्याशेजारी बसला. वारा अजिबात नव्हता. गॅरेजमधला घण थांबला होता, कारण पाना दारात येऊन उभा होता, हातात पाना घट्ट धरून.

चार वाजले. तीन आणि एक.

कुणी उठलं नाही. बायकोने कपाटवाल्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि शेजारणीशी बोलावं तशा आवाजात ट्रककडे बघून म्हणाली, "वर नको शोधूस. खाली बघ. हाताशीच आहे."

बराच वेळ काहीच झालं नाही. मग आतून काहीतरी घासत खाली आल्याचा आवाज झाला, पत्र्यावरून हात फिरवावा तसा. तो थांबला. आणि खिट्टी हळूच, अगदी सावकाश, खाचेतून वर उचलली गेली.

दार वीतभर उघडलं. मग पूर्ण उघडलं. आतून थंड हवा आली, तिला ताज्या फुलांचा वास होता, आत्ता तोडलेल्या. दारात कुणीच नव्हतं. तरी पहिली पायरी कुरकुरली आणि जराशी दबली. मग दुसरी. पानाने डोळे मिटून घेतले. कपाटवाला मात्र बघत राहिला, कारण आता मान फिरवायची नाही, एवढं त्याने स्वतःला बजावलं होतं.

तिसरी पायरी दबली आणि तिथेच थांबली. त्याची बायको चटकन उठून दोन पावलं पुढे गेली, आणि तिने आधार द्यायला हात पुढे केला.

"सांभाळून गं," ती म्हणाली. "शेवटची उंच आहे."